केम्नित्सचं रास्टर-नोटोन, पन्नास हर्ट्झ आणि आमचे बाबा

वागळे_सर्कल · शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, संगीत विभागात नाट्यगीतांचे आणि आर.डी.चे धागे दोनशेच्या वर जातात. हा दहा प्रतिसादांच्या पुढे गेला तर माझ्याकडून मामलेदारची मिसळ.

आधीच सांगतो, मी रास्टर-नोटोन या जर्मनीतल्या छोट्या लेबलबद्दल, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीबद्दल लिहिणार आहे. त्यांच्या संगीतात गाणं नाही, शब्द नाहीत, पुष्कळदा चालही नाही. टिक्, टूंऽऽ, खर्रर्र आणि मधे भरपूर शांतता. बायको त्याला 'तुझं फ्रिजसंगीत' म्हणते. ज्यांना इथूनच परत फिरायचंय त्यांनी फिरावं, राग नाही.

जर्मनीच्या पूर्व भागात केम्नित्स नावाचं शहर आहे. कापडगिरण्या आणि यंत्रं बनवणारे कारखाने. त्यामुळे त्याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो तसंच. १९५३ ते १९९० त्याचं नाव होतं कार्ल-मार्क्स-श्टाट. मार्क्सचं सात मीटर उंच डोकं अजूनही तिथे आहे. नुसतं डोकं, खाली धड नाही. फोटो बघाच.

या गावात १९८६ साली 'आ-गे गाईगे' नावाचा एक चक्रम बँड निघाला. त्यातला एक फ्रँक ब्रेटश्नायडर, नंतर त्यात आलेला एक ओलाफ बेंडर. बर्लिनची भिंत पडली, पूर्व जर्मनी हा देश विरघळला, कारखाने धडाधड बंद झाले, आणि १९९६ मध्ये या दोघांनी रास्टरम्युझिक नावाचं छोटं लेबल काढलं. त्यांच्याच गावचा कार्स्टन निकोलाय हा तिसरा गडी. शिकला लँडस्केप आर्किटेक्चर, करायचा चित्रं, आणि आवाजासाठी त्याचं स्वतःचं वेगळं दुकान: नोटोन. त्या दुकानाच्या नावापुढे एक शेपूट होतं, त्याचं मराठी केलं तर 'ध्वनी आणि अध्वनी यांचं दप्तर' असं काहीतरी होईल. १९९९ मध्ये दोन्ही दुकानं एक झाली आणि रास्टर-नोटोन तयार झालं. २०१७ मध्ये भांडण न करता पुन्हा वेगळी झाली: रास्टर बेंडरकडे, नोटोन निकोलायकडे. म्हणजे एकत्र संसार अठरा वर्षांचा. आपल्याकडच्या कित्येक भागीदाऱ्या एवढ्या टिकत नाहीत.

माझी ओळख झाली २००७ साली, नेरूळच्या हॉस्टेलवर. रूममेटच्या हार्ड डिस्कवर 'झेरॉक्स' नावाचं फोल्डर होतं. मला वाटलं कुणाच्या तरी नोट्स स्कॅन करून ठेवल्यात. परीक्षा तोंडावर होती म्हणून उघडलं, तर आत गाण्यांच्या फाइली! निकोलाय 'अल्वा नोटो' या नावाने वाजवतो, त्याचा तो अल्बम, नुकताच आलेला. कल्पना अशी की दुसऱ्याच कामासाठी बनलेले आवाजाचे तुकडे घ्यायचे, त्यांची नक्कल करायची, मग नकलेची नक्कल, मग तिची नक्कल, मूळ काय होतं ते ओळखू येईनासं होईपर्यंत. स्टेशनबाहेरच्या दुकानातून काढलेली प्रश्नपत्रिकेची सातव्या पिढीची झेरॉक्स ज्याने पाहिलीय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही. अक्षरं जातात, डाग उरतात, आणि मग डागांचीच एक नक्षी दिसायला लागते. निकोलायने त्या डागांचं संगीत केलं. (हो, कॉपी मारून ऐकलं. पुढे पैसे देऊन घेतलं. पाप थोडं फिटलं असावं.)

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. कारण आमचे बाबा.

बाबा एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपात टेस्टिंगला होते. मीटर नंतर, कान आधी. मोटरचं बेअरिंग बघायचं असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. "गेलंय" किंवा "अजून वर्षभर चालेल". ट्रान्सफॉर्मरलाही तसंच. कोरच्या पत्र्या चुंबकत्वाने सूक्ष्म ताणल्या-आखडल्या जातात, विजेच्या एका आवर्तनात दोनदा. म्हणून पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर शंभर हर्ट्झने गुणगुणतो. कोरचे बोल्ट ढिले असले की त्या गुणगुणीत वरचे सूर मिसळतात, खरखर येते. बाबा ते लांबून सांगायचे.

लॉकडाऊनमध्ये रोड नंबर सोळा, बावीस, सगळं चिडीचूप. बाबांना झोप येईना. एवढी शांतता त्यांनी या भागात कधी ऐकलीच नव्हती. एका रात्री गॅलरीत बसले होते. मी हेडफोन दिले आणि निकोलायचं अगदी सुरुवातीचं काहीतरी लावलं, नुसते शुद्ध सूर आणि टिकटिक. मला वाटलं दोन मिनिटांत काढून ठेवतील. डोळे मिटून अकरा मिनिटं ऐकलं. मग एक कान मोकळा करून म्हणाले, "अरे, हे रिकामं चालतंय. लोड नाहीये यावर."

मी म्हटलं, बाबा, हे संगीत आहे.

"ते कळलं रे. कोणी केलंय?"

जर्मनीतला एक माणूस आहे.

"टेस्टिंगला होता का?"

त्या दिवसापासून मी या लेबलकडे वेगळ्या कानाने बघतो. यांचं मोठेपण लोक डिझाइनमध्ये शोधतात, पांढऱ्या कव्हरवरच्या बारीक अक्षरांत शोधतात. मला वाटतं, ज्या गावात यंत्रं थांबली त्या गावातल्या तीन माणसांनी यंत्रांच्या आवाजाची आठवण इतकी घासूनपुसून ठेवली की वागळे इस्टेटमधल्या रिटायर्ड टेस्टरला ती लगेच ओळखू आली.

अजून कोणी ऐकतं का हे? ठाणे-नवी मुंबईत असाल तर जास्त आनंद.

मिसळ_मध्यम · शुक्रवार, रात्री ११:५८

पहिला! मिसळीचं नक्की ना?

ऐकलं. आमच्या लिफ्टच्या पॅनलमधून गेले दोन महिने अगदी हेच येतंय. सोसायटीने मेंटेनन्सवाल्याला चार हजार मोजले. आधी सांगितलं असतंत तर तिकीट लावलं असतं.

जवारी · शनिवार, सकाळी ६:२०

वागळे, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि आता माझं ऐका, कारण तुमच्या पोस्टने माझं आठ महिन्यांचं कोडं सुटलंय.

मी पांढरी पाचमध्ये (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) गाते. चरईत आमच्या इमारतीला लागून वीज मंडळाचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. मागच्या वर्षी घरातल्या घरात खोली बदलली, पहाटेचा रियाज त्या बाजूच्या खोलीत सुरू केला, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा खर्ज डुगडुगायला लागला. जोडीच्या दोन तारा जवळजवळ लागल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत की वाँव-वाँव येतं ना, तसं. तीनदा दुरुस्तीला नेला. दुकानदाराने तिन्ही वेळा पैसे घेतले आणि "मॅडम, ओके केलंय" म्हणून परत दिला. त्याच्या दुकानात तो ओकेच असायचा.

आज पहाटे तुमचं शंभर हर्ट्झ वाचलं आणि डोक्यात दिवा लागला. पांढरी पाचचा खर्ज अठ्ठ्याण्णव हर्ट्झ. डीपी शंभर. दोघांतला फरक दोन, म्हणजे सेकंदाला दोन लहरी. आत्ताच घड्याळ लावून मोजल्या: दहा सेकंदांत वीस. खिडकी लावली की गायब!

तानपुरा बिचारा सुरात होता. डीपी चढा गात होता.

वागळे_सर्कल · शनिवार, सकाळी ८:०५

जवारीताई, हे बाबांना वाचून दाखवलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे होते.

त्यांची एक पुरवणी: वीस कधी साडेएकोणीस भरतील, कधी वीसच्या किंचित वर. देशाच्या ग्रिडवर वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, नेमकी पन्नास ती सहसा नसते. मागणी वाढली की किंचित उतरते. म्हणजे तुमचा डीपी सगळ्या देशाच्या मिक्सर-गिझरबरोबर वर-खाली गातोय.

आणि या दोन जवळच्या सुरांच्या लहरींवरच या लेबलच्या अर्ध्या लोकांनी घरं चालवलीत. र्‍योजी इकेदा (याच लेबलचा जपानी कलाकार) ऐका. हेडफोनवर बसून ऐकलंत तर एक, मान वळवून स्पीकरवर ऐकलंत तर वेगळंच. खोलीत चालत गेलात की सूर जागा बदलतो, कारण लाटा भिंतींवरून परतून एकमेकींना कुठे खातात, कुठे फुगवतात.

तुर्भे_नाइटशिफ्ट · शनिवार, दुपारी १:१५

लेबल मला माहीत नव्हतं. पण शोधताना एक गोष्ट सापडली आणि अंगावर काटा आला. १९९९ मध्ये या लोकांनी बारा सीडींची मालिका काढली, महिन्याला एक, वेगवेगळ्या कलाकारांच्या, प्रत्येकी वीस मिनिटांची. कल्पना अशी की सहस्रक संपायला शेवटची वीस मिनिटं उरलीत, तेव्हा काय वाजवाल?

ती वीस मिनिटं मी तुर्भ्याला एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये काढली आहेत. ३१ डिसेंबर १९९९, वायटूकेची रात्र, म्हणजे २००० साल लागताच कॉम्प्युटर तारखेत गोंधळून बंद पडतील अशी भीती होती ती. आम्ही सहाजण. बाहेर पामबीचच्या बाजूने फटाके, आत थर्मासमधला चहा आणि ग्लुकोजचे पुडे. पावणेबारानंतर कुणी बोलेना. एसीची घरघर, टेप ड्राइव्हची किरकिर, आणि कुठल्यातरी यूपीएसची बारीक शिट्टी जी त्याआधी दोन वर्षं मला कधी ऐकूच आली नव्हती. सगळे जण एकेक आवाज तपासत होतो, यातला कुठला बंद पडेल म्हणून.

बारा वाजले. कोपऱ्यातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने एक ओळ छापली, तारीख ०१/०१/००, आणि थांबला. बस. एवढंच झालं. आमच्या साहेबांनी तो कागद फाडून पाकिटात ठेवला.

म्हणजे मी त्या रात्री अशीच एक सीडी ऐकली, फक्त लेबल दुसऱ्याचं होतं.

वागळे_सर्कल · शनिवार, दुपारी १:३२

वा! वा! वा! धागा वसूल.

त्या मालिकेत इकेदा आहे, फिनलंडचे मिका वाइनिओ आणि इल्पो वाइसानेन आहेत, तिघे मालक स्वतः आहेत. २००० साली ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिकाचा डिजिटल संगीताचा सगळ्यात मोठा पुरस्कार, गोल्डन निका, या मालिकेला मिळाला. पण तुमच्या प्रिंटरला मिळायला हवा होता.

तलावपाळी_अण्णा · शनिवार, संध्याकाळी ७:१०

सर्वांना नमस्कार. वय वर्षे ७१. गोंगाटाला संगीत म्हणण्याची ही फॅशन मला मान्य नाही. दहीहंडी ते विसर्जन आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरत असतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायदेशीर मर्यादा, ती कोणी पाळतो? आणि आता तुम्ही लोक घरी बसून ट्रान्सफॉर्मर ऐकणार. भीमसेनजींचा एक षड्ज लागला की पुरे. बाकी सर्व खटपट आहे.

वागळे_सर्कल · शनिवार, रात्री ९:४०

अण्णा, नमस्कार. डॉल्बीच्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. गंमत म्हणजे हे लेबल त्या डॉल्बीच्या बरोबर उलट टोकाला आहे. यांच्या कित्येक सीडी इतक्या हळू आहेत की घरातला पंखा बंद केल्याशिवाय ऐकूच येत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात ही केवढी तपश्चर्या आहे ते सांगायला नको.

एक विनंती करतो. निकोलायने जपानच्या र्‍युइची साकामोतोबरोबर २००२ ते २०११ मध्ये पाच रेकॉर्ड केल्या. पहिली 'व्रिऊन'. साकामोतो पियानोचा एक स्वर सोडतो, तो पुरता विरेपर्यंत पुढचा लावत नाही, आणि निकोलाय त्या विरण्याच्या शेपटाला अगदी बारीक टाके घालत जातो. स्वर संपतो कुठे आणि यंत्र सुरू होतं कुठे ते सांगता येत नाही. षड्जावर थांबता येणाऱ्या माणसाला हे परकं वाटणार नाही असा माझा अंदाज. पहाटे उपवनला फेरी मारताना ऐकून बघा. नाही आवडलं तर इथे येऊन शिव्या घाला.

अहमदाबादची_सून · शनिवार, रात्री १०:२५

मी मूळची नौपाड्याची, आता ऐरोलीत, मधली अकरा वर्षं अहमदाबादला. तिथली एक गोष्ट इथे बसते म्हणून.

हे असलं संगीत जर्मनीहून आलेलं नवं खूळ आहे असं वाटत असेल, तर १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, बसवलं होतं. ते उभं करून द्यायला न्यूयॉर्कचा डेव्हिड ट्युडर आला होता. तिथे १९६९ ते १९७२ आपल्या लोकांनी टेपवर प्रयोग केले: गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा. मग टेप कपाटात गेल्या. पॉल पुर्गस नावाच्या इंग्लंडमधल्या संगीतकाराने त्या हुडकून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या रेकॉर्डरूपात निघाल्या. पन्नास वर्षं कपाटात!

आणि या गीताबेन म्हणजे त्याच, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला हिंदुस्थानातलं संगीत शिकवलं. त्याने विचारलं संगीत कशासाठी असतं, तर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत आणि स्थिर व्हावं म्हणून. पुढे केजने वादक काहीच वाजवत नाही अशी शांततेची रचना केली, ते जगाला ठाऊक आहे. तेव्हा अण्णा, ही खटपट थोडीफार आपल्याच घरातून बाहेर गेली आहे.

मिसळ_मध्यम · शनिवार, रात्री १०:३१

अवांतर: मग चरणजित सिंग यांचंही नाव घ्या राव. मुंबईत १९८२ साली रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक म्हणाले, अरे, हे तर आमच्या अ‍ॅसिड हाउसच्या (यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताच्या) आधीचं अ‍ॅसिड हाउस!

आठ प्रतिसाद. मी मोजतोय... नाही, हा धरून नऊ.

खाडीपलीकडे · रविवार, दुपारी १२:००

कौतुक चाललंय ते चालू दे, पण लेबल चालतं कसं याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी अकाउंट्सवाला माणूस, कोपरखैरणेत राहतो, रेकॉर्ड जमवणं हा एकमेव षोक.

असली लेबलं एका-दोघांच्या पाठीच्या कण्यावर उभी असतात. व्हिएन्नाचं एडिशन्स मेगो घ्या. पीटर रेहबर्ग नावाचा एकटा माणूस ते ओढत होता. जुन्या मेगोचं दुकान बसल्यावर २००६ मध्ये त्याने नव्या नावाने पुन्हा उभं केलं, पॅरिसच्या जुन्या टेप-संगीताची मालिका सुरू केली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये तो अचानक गेला. न्यूयॉर्कचं ट्वेल्व्ह-के घ्या, १९९७ पासून टेलर डुप्री चालवतोय. लंडनचं टच १९८२ पासून. सगळीकडे मालक तोच, पॅकिंगवालाही तोच.

दुसरं मरण वितरकाच्या हातून येतं. फ्रँकफुर्टचं मिल प्लाटो याच पंथातलं, नाव कमावलेलं. २००४ मध्ये त्यांचा वितरक ईएफए दिवाळखोरीत गेला आणि तेही गाळात गेलं. माल वितरकाच्या गोदामात, पैसे वितरकाच्या खात्यात, आणि लेबलवाल्याच्या हातात नुसती चलनं. आपल्या एपीएमसीत माल टाकलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

म्हणून जमेल तिथे थेट घ्या. बँडकॅम्प ही संगीत विकणारी वेबसाइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापते, रेकॉर्ड-सीडीवर १०. पेमेंटचं शुल्क वजा जाता उरलेलं लेबलकडे जातं. रेकॉर्ड परदेशातून मागवली तर टपालखर्च आणि ड्युटी मिळून घरच्यांपासून लपवण्यासारखा आकडा होतो, हे मी अनुभवाने सांगतो. डिजिटल घ्या, संसार टिकवा.

आणि वागळे, एक तक्रार. तुमच्या लाडक्या रास्टर-नोटोनचं बरंचसं नंतरचं काम मला कोरडं वाटतं. पांढरी खोली, काळा पडदा, वर आकड्यांचा पाऊस, आणि प्रेक्षक हाताची घडी घालून उभे. पहिल्या दहा मिनिटांत थरार, पुढची चाळीस शिस्त. शिवाय सगळे बाप्येच. या यादीत बायका शोधायला दुर्बीण लागते.

वागळे_सर्कल · रविवार, दुपारी ३:२०

बाप्यांबद्दलचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरडेपणाबद्दल अर्धं मान्य. इकेदाचं आकडेप्रकरण मलाही स्पीकरसमोर बसून एका बैठकीत झेपत नाही. पण बेंडर 'बायटोन' नावाने वाजवतो, त्याचं 'प्लॅस्टिक स्टार' लावा, २००८ च्या अल्बमवरचं. पाय हलला नाही तर रेकॉर्डचा टपालखर्च माझा. आणि तिघांनी मिळून 'सिग्नल' नावाने २००७ मध्ये 'रोबोट्रोन' काढलं. रोबोट्रोन ही पूर्व जर्मनीची सरकारी कॉम्प्युटर कंपनी, देशाबरोबर तीही गेली. ते ऐकताना मला कायम बाबांच्या वर्कशॉपची आठवण येते. तिथे आता काचेची इमारत आहे, खाली जिम.

आता इकेदावरून माझी फजिती. त्याच्या २००५ च्या 'डेटाप्लेक्स'वर सूचना आहे की शेवटच्या ट्रॅकवर काही प्लेअर अडखळतील. मी सूचना वाचली नाही. पाहुणे जेवायला, मागे हळू आवाजात लावलेलं, आणि शेवटाला प्लेअर अडकला. सासरे उठले, मदत म्हणून प्लेअरच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. प्लेअर त्यानंतर चाललाच नाही. दोष इकेदाचा की सासऱ्यांचा हा वाद आमच्या घरात न्यायप्रविष्ट आहे.

पासवाली_ट्रान्सहार्बर · रविवार, रात्री ८:४५

मला यातलं काही कळत नाही, पण ठाणे ते वाशी रोज करते, त्यामुळे आवाजावर बोलायचा हक्क आहे.

खाडीपलीकडे यांनी पॅरिसच्या टेप-संगीताचा उल्लेख केलाय. त्या घराण्याचा मूळपुरुष पिएर शेफर. १९४८ मध्ये त्याने पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनवर इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले, तुकडे जोडले, आणि ते रेडिओवर संगीत म्हणून लावले. म्हणजे या सगळ्याची सुरुवातच आगगाडीपासून. आणि आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून कुठे आली? ठाण्याला. चौतीस किलोमीटर. तेव्हा या धाग्यावर ठाणेकरांचा मालकीहक्क मी जाहीर करते.

आमचे काका मोटरमन होते. ते सांगायचे, डीसीच्या जुन्या गाड्यांना सुटताना खालून खटक्, खटक्, खटक् असे ठोके यायचे, एकेक नॉच (वेगाची पायरी) वर चढताना. हार्बरची डीसी २०१६ मध्ये संपली. आताच्या गाड्यांत मोटरला वीज इन्व्हर्टरमधून तुकड्या-तुकड्यांनी मिळते, म्हणून सुटताना तो ऊंऽऽऽ असा चढता सूर. परवा घणसोलीहून सुटताना मी तो फोनवर रेकॉर्ड केला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गं, काही बिघडलंय का गाडीत?" मी म्हटलं, नाही, आलाप आहे. त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

तलावपाळी_अण्णा · सोमवार, सकाळी ७:५०

वागळे यांस. सांगितल्याप्रमाणे काल पहाटे उपवनला नातवाच्या हेडफोनवर 'व्रिऊन' ऐकले. आवडले नाही. प्रामाणिकपणे सांगतो, चौथ्या तुकड्यापर्यंत माणूस पियानो लावून घेतोय आणि वाजवायला कधी सुरुवात करणार, असेच वाटत राहिले.

परंतु हेडफोन काढल्यावर तळ्याकाठच्या पंपाचा आवाज ऐकू आला. तीस वर्षे तिथे फिरतो, पंप आहे हेच मला ठाऊक नव्हते. रात्री पंख्याचा ऐकू आला. मग फ्रिजचा. मग शेजाऱ्यांच्या फ्रिजचा. अडीच वाजेपर्यंत जागा होतो. याची जबाबदारी कोणाची?

मिसळ_मध्यम · सोमवार, सकाळी ७:५२

अण्णा =)) =)) =))

आणि अभिनंदन वागळे, दहा कधीच ओलांडले. मामलेदार. कधी?

वागळे_सर्कल · सोमवार, रात्री १०:१५

अण्णा, जबाबदारी माझी. भरपाई म्हणून निमंत्रण देतो.

येत्या रविवारी, संध्याकाळी पाच, आमच्या घरी, श्रीनगर. सकाळी मिसळ खाऊन ज्यांना झोपायचंय त्यांनी झोपून यावं. बारापैकी ज्या दोन सीडी माझ्याकडे आहेत त्या लावू. पासवालीताई, घणसोलीचं रेकॉर्डिंग आणा. तुर्भेकाका, तुमच्या साहेबांकडे तो कागद अजून असेल तर त्याचा फोटो आणा.

बाबांना सांगितलं लोक येणार आहेत. त्यांनी माळ्यावरून जुना डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र) उतरवायला लावला. त्यांचा कार्यक्रम असा: एक छोटा ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवायचा, व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवायचं. दोनशे तीसपर्यंत गुणगुण गोल राहते, त्याच्यावर नेलं की कोर भरतो आणि आवाजाला काटे फुटतात. "काटे कुठे फुटले ते त्यांनी हात वर करून सांगायचं," म्हणाले. "बघू तुझ्या लोकांचे कान." दोन दिवस झाले, स्वतःच वायरी तपासत बसलेत. आई वैतागलीय.

चहा किती जणांचा टाकायचा ते शनिवारपर्यंत सांगा. आणि कुणाकडे मोठ्या जॅकचा हेडफोन अडॅप्टर असेल तर आणा, माझा हरवलाय.

खाडीपलीकडे · सोमवार, रात्री १०:४०

मी आणि एक रेकॉर्ड. अडॅप्टर आहे.

तलावपाळी_अण्णा · मंगळवार, सकाळी ६:३०

येतो. बिनसाखरेचा.

जवारी · मंगळवार, सकाळी ६:४५

मी पण. तानपुरा घेऊन येते, पांढरी पाचलाच लावून. बाबांना म्हणावं, आधी दोनशे तीसला थांबायचं. काटे नंतर.